आवाजाची रुजुवात

मोटारसायकल ही मुळातच बोलकी वस्तू आहे. सिलिंडरात भडका उडतो, व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर आपटतात, चेनची प्रत्येक कडी स्प्रॉकेटच्या दातावर बसताना आणि उठताना हजेरी लावून जाते, टायर डांबराला घासतो, आणि या सर्वांचा मिळून जो एक अखंड गुंजारव होतो तो स्वाराच्या इतका अंगवळणी पडतो की काही महिन्यांनी त्याला तो ऐकूही येईनासा होतो. मग एखाद्या दिवशी, दृश्य कारण काहीही नसताना, त्या गुंजारवात एक अनोळखी टकटक शिरते. गाडी पूर्वीसारखीच पळते, पेट्रोल पूर्वीइतकेच खाते, ब्रेक लागतो, दिवा पेटतो. तथापि मालकाचे चित्त त्या टकटकीपाशी जे अडकते ते सुटत नाही, आणि घरून कचेरीपर्यंतच्या तीन-चार किलोमीटरांत त्याचे लक्ष रस्त्यावर कमी आणि इंजिनावर अधिक राहू लागते.

सोलापूरकरांना यंत्राच्या आवाजाचे अप्रूप असण्याचे वस्तुतः कारण नाही. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली तेव्हापासून या शहराचे कान यंत्राच्या ठेक्यावर घडत आले आहेत; गिरण्यांचे भोंगे पुढे एकेक करून थांबले, तरी पूर्व भागातील विणकरांच्या यंत्रमागांचा खटका काही थांबला नाही. मिनिटाला शंभराहून अधिक वेळा धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकणारे चार-सहा माग एकाच पत्र्याच्या छपराखाली धडधडत असताना त्यांतील एकाचा ठेका चुकला, तर पाठ फिरवून चहा पीत उभ्या असलेल्या विणकरालाही ते तत्काळ कळते. आवाज कोणत्या कोपऱ्यातून आला याचा शोध तो घेत बसत नाही. बिघडलेला ठेका कोणत्या मागाचा असू शकतो, एवढेच तो जाणतो. मोटारसायकलच्या अनोळखी आवाजाचा माग काढणाऱ्या कसबी मिस्त्रीचे ज्ञानही ह्याच जातीचे असते, आणि या प्रकरणात जे सांगावयाचे आहे ते बहुतांशी एवढेच आहे की आवाज कुठून येतो हा प्रश्न मागाहून विचारावा; तो कशाबरोबर येतो, कशाबरोबर वाढतो आणि कशाबरोबर थांबतो, हे अगोदर विचारावे.

अक्कलकोट रोडला लागून असलेल्या एका गॅरेजात मी अधूनमधून जाऊन बसत असे. तिथले बहुतेक गिऱ्हाईक फिर्यादीबरोबर निकालही घेऊनच येई. "उस्ताद, इंजिनातनं आवाज यायलाय बघा." उस्ताद इंजिनाकडे ढुंकूनही पाहत नसत. हात चिंधीला पुसत ते विचारीत, "क्लच दाबल्यावर जातो का?" गिऱ्हाईक विचारात पडे. "गाडी थंड असताना येतो, का तापल्यावर?" पुन्हा शांतता. "डबल सीट असताना?" तिसऱ्या प्रश्नाला गिऱ्हाईकाचा इंजिनाविषयीचा निश्चय ढासळलेला असे, आणि उस्ताद गाडी घेऊन एक चक्कर मारून येत. या चकरेत ते जे करीत त्याला मी शास्त्र म्हणतो. ते स्वतः त्याला काहीच म्हणत नसत.

कानाने ठिकाण ओळखण्यावर विसंबू नये, याला शरीररचनेचे कारण आहे. आवाज उजवीकडून आला की तो उजव्या कानाला अगोदर पोहोचतो आणि डाव्याला क्षणमात्र उशिरा. हे अंतर अत्यंत सूक्ष्म, म्हणजे एका सेकंदाचे दीड हजार भाग केले तर त्यांतील फार तर एका भागाएवढे असते. शिवाय उंच स्वराच्या आवाजाला डोक्याचा अडसर होऊन पलीकडच्या कानाला तो किंचित मंद ऐकू येतो. या दोन खुणांवरून मेंदू दिशा ठरवितो, ही उपपत्ती लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली मांडली आणि आजही ती मान्य आहे. आता मोटारसायकलवर बसलेल्या माणसाचा विचार करा. इंजिन त्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये, पुढचे चाक नाकासमोर, मागचे चाक पाठीमागे, आणि चेन नि सायलेन्सर त्या मध्यरेषेपासून वीतभर बाजूला. संशयित जेवढे म्हणून आहेत तेवढे सगळे दोन्ही कानांपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर. त्यामुळे जी तफावत मोजून कान दिशा सांगतो ती तफावतच येथे उपलब्ध नसते. त्यात डोक्यावर हेल्मेट, आणि हेल्मेटभोवती वाऱ्याचा घोंगाट.

दुसरा घोटाळा पोलादाचा. मे महिन्यातील सोलापुरी दुपारी, पारा ४२ अंशांवर असताना, हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३५६ मीटर जातो. चौकटीच्या पोलादी नळीतून तो सुमारे ५,००० मीटर, म्हणजे चौदापट वेगाने धावतो. मागल्या चाकाच्या आसापाशी झालेला खटका चौकटीतून हँडलपर्यंत, फुटरेस्टपर्यंत आणि पेट्रोलच्या टाकीपर्यंत हवेतल्या आवाजाच्या कितीतरी आधी पोहोचतो, आणि टाकी अर्धी रिकामी असेल तर तिचा पोकळ पत्रा तो खटका आपलाच असल्याच्या थाटात मोठा करून सांगतो. टाकीखाली काहीतरी वाजते अशी जबानी देणारा मालक खोटे बोलत नसतो. त्याने ऐकले ते खरेच असते, केवळ ते तिथे घडलेले नसते.

म्हणून तपासाची पहिली पायरी म्हणजे आवाजाचा धनी ठरविणे. धनी चार असू शकतात: इंजिनाची गती, चाकाची गती, इंजिनावर पडणारा भार आणि रस्ता. गाडी मेन स्टँडवर उभी करून, न्यूट्रलमध्ये, ॲक्सिलरेटर हळूहळू पिळावा. आवाज तिथेही आला आणि इंजिनाच्या गतीबरोबर चढला, तर चाके, चेन, ब्रेक, शॉकअप ही सगळी मंडळी एका झटक्यात निर्दोष सुटली. आता त्याच अवस्थेत क्लच दाबावा. न्यूट्रलमध्ये क्लच न दाबता इंजिन चालू असते तेव्हा गिअरबॉक्समधील मुख्य दांडा फिरत असतो. क्लच दाबताच तो थांबतो. तेव्हा क्लच दाबल्यावर जो खडखडाट नाहीसा होतो तो क्लचच्या टोपलीचा किंवा गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा समजावा, आणि दाबल्यावर जो उलट सुरू होतो तो क्लच सोडविणाऱ्या बेअरिंगचा. हाताच्या चार बोटांनी करावयाची ही परीक्षा आहे. तरीही ती न करता इंजिनाचे हेड उतरविले गेल्याची उदाहरणे प्रत्येक पेठेत सापडतील.

उभ्या गाडीत आवाज आलाच नाही, तर धनी चाक, भार किंवा रस्ता. मोकळ्या सरळ रस्त्यावर चाळीसच्या वेगाला गाडी नेऊन क्लच दाबावा आणि इंजिन मंद होऊ द्यावे. गाडी आपल्या वेगाने पुढे जातच राहते. आवाजही तसाच राहिला आणि गाडीबरोबर मंदावत गेला, तर तो चाकाचा नोकर. क्लच दाबताक्षणी नाहीसा झाला, तर तो भाराचा. रेल्वेच्या पुलाचा उतार या कामाला उत्तम. मात्र चालत्या गाडीची किल्ली काढून पाहण्याचा उद्योग कोणी करू नये, हँडल-लॉक पडले तर आवाजाचा तपास बाजूला राहून भलताच पंचनामा करावा लागेल.

चाकाचा नोकर ठरलेल्या आवाजाची लय मोजता येते, आणि इथे गणित फार उपयोगी पडते. शंभर सीसीच्या पुष्कळ गाड्यांना १८ इंची चाक आणि पावणेतीन इंची टायर असतो. त्याचा परीघ सुमारे १.८७ मीटर भरतो. म्हणजे ताशी २० किलोमीटरला चाक सेकंदाला तीन फेरे घेते, चाळीसला सहा. वीसच्या वेगाला सेकंदात तीनदा होणारी खसखस ही चाकाच्या एका फेऱ्यात एकदा होणारी गोष्ट आहे: ब्रेकचा ड्रम कुठेतरी किंचित लंबगोल झाला आहे, टायरमध्ये खडा किंवा खिळा रुतला आहे, किंवा रिमला बाक आला आहे. पुढच्या चाकाशी निगडित अशी बारीक चिकचिक, आणि तिच्याबरोबर स्पीडोमीटरच्या काट्याची थरथर, अशी जोडी असेल तर केबल कोरडी पडली आहे. केबल चाकाकडून सोडवून एक चक्कर मारली की खातरजमा होते.

परंतु चाकाच्या फेऱ्याशी न जुळणारी, तरीही चाकाच्याच वेगाबरोबर वाढणारी एक टक असते, आणि ती भल्याभल्यांना चकविते. त्या गॅरेजात टॉवेलच्या कारखान्यात कामाला असलेला एक तरुण अशीच तक्रार घेऊन आला होता. दोन ठिकाणी त्याची गाडी आधीच दाखवून झाली होती. एकाने चाकाची बेअरिंगे बदलली होती, दुसऱ्याने इंजिन उघडण्याचा अंदाजी खर्च सांगितला होता. उस्तादांनी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, टायरच्या कडेला खडूने एक रेघ ओढली आणि त्या पोराला गाडी गल्लीतून हाताने ढकलावयास लावून स्वतः बाजूने वाकून चालू लागले. खडूची रेघ खाली आली की ते मोठ्याने आकडा म्हणत, आणि टक झाली की जमिनीवर खडूचा ठिपका ठेवीत. ठिपके सारख्या अंतरावर पडले, पण रेघेशी त्यांचा मेळ बसेना: दोन फेरे पुरे होऊन तिसरा बराचसा उलटला की टक. उस्ताद उठून उभे राहिले. "इंजिन शाबूत आहे. बेअरिंग पण. चेनची कडी जाम आहे कुठंतरी."

याचे गणित असे. अशा गाड्यांची चेन अर्ध्या इंचाच्या, म्हणजे १२.७ मिलिमीटरच्या कड्यांची असते. समजा मागच्या स्प्रॉकेटला ४२ दात आहेत आणि चेनला ११२ कड्या. चाकाच्या एका फेऱ्यात ४२ कड्या पुढे सरकतात. म्हणजे एखादी विशिष्ट कडी त्याच जागी परत येण्यास चाकाला ११२ भागिले ४२, अर्थात दोन पूर्णांक दोन तृतीयांश फेरे घ्यावे लागतात, आणि तेवढ्यात गाडी जवळजवळ पाच मीटर पुढे जाते. चाकाच्या बेअरिंगमध्ये, ड्रममध्ये, टायरमध्ये, किंबहुना चाकाबरोबर फिरणाऱ्या कोणत्याही वस्तूत पाच मीटरनी एकदा घडणारे असे काहीही नाही. दोन पूर्णांक दोन तृतीयांश हा आकडा फक्त चेनचा दाखला आहे. चेनकव्हर काढल्यावर ती कडी सापडली: चेन-लॉकच्या शेजारचीच, गंजून वाकेनाशी झालेली. सरळ धावताना ती निरुपद्रवी असते. स्प्रॉकेटला वळसा घालताना मात्र इतर कड्या वाकतात आणि ही वाकत नाही, ती दातावर उंच चढून बसते आणि सुटताना टक करते. डिझेलमध्ये धुऊन, पकडीने उजवीकडे-डावीकडे मुरगाळून आणि तेल पाजून ती मोकळी झाली. चेन एकूणच ओढली गेली असती तर स्प्रॉकेटसकट संच बदलणे हेच शहाणपणाचे झाले असते, कारण जुन्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते.

बेअरिंगचा आवाज याहून निराळा. तो टक म्हणून सहसा ऐकू येत नाही. घरघर म्हणून येतो. याचेही कारण मोजण्याजोगे आहे. बेअरिंगच्या आतील कडे चाकाच्या आसावर आणि बाहेरील कडे चाकाच्या हबमध्ये बसते, आणि दोहोंच्या मधील गोळ्या आसाभोवती फिरतात, पण चाकाइतक्या वेगाने नव्हे. बाहेरचे कडे फिरत असताना चाकाच्या एका फेऱ्यात गोळ्यांचा मेळा साधारण सहा दशांश फेरा पुरा करतो आणि बाहेरच्या कड्याच्या तो चार दशांशाने मागे पडतो. त्या कड्याच्या पृष्ठावर एक खड्डा पडला असेल आणि गोळ्या सात असतील, तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात त्या खड्ड्यावरून सात गुणिले चार दशांश, म्हणजे २.८ गोळ्या जातील. अपूर्णांक असल्यामुळे ठोके फेऱ्याशी कधी जुळतात, कधी निसटतात, आणि कानाला लयबद्ध टक न मिळता एक ओबडधोबड घरघर मिळते. लयीचा हा अभाव हीच बेअरिंगची ओळख. तिची रुजुवात कानाने न करता हाताने करावी: चाक स्टँडवर उचलून फिरवावे आणि तळहात शॉकअपच्या स्प्रिंगवर ठेवावा. स्प्रिंग चाकाची थरथर बोटांपर्यंत इतकी स्वच्छ आणून पोहोचविते की चांगले बेअरिंग रेशमासारखे आणि खराब बेअरिंग वाळू भरल्यासारखे लागते. पुष्कळ लहान गाड्यांत वापरले जाणारे ६३०१ क्रमांकाचे बेअरिंग आतून १२ आणि बाहेरून ३७ मिलिमीटरचे असते; चिमटीत मावणाऱ्या या चकतीच्या पायी माणसे इंजिन खोलावयास निघतात.

भाराच्या आवाजांविषयी थोडक्यात. ॲक्सिलरेटर सोडताना आणि पुन्हा घेताना मागून जो धक्कावजा खटका येतो तो हबमधील रबरांचा. ती झिजली की चेनचा हिसका थेट चाकाला बसतो. पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे हलविली असता हँडलच्या मुळाशी कट् असा आवाज आला तर कोनसेट ढिला. खड्ड्यातच येणारा आणि गुळगुळीत रस्त्यावर न येणारा ठोका शॉकअपच्या किंवा चिमट्याच्या बुशचा. उसाच्या ट्रॅक्टरांनी गाळपाच्या हंगामात ग्रामीण रस्त्यांची जी अवस्था करून ठेवलेली असते ती पाहता या जिल्ह्यात चिमट्याच्या बुशांना विशेष आयुष्य लाभत नाही.

आता इंजिन. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे झाले की एकदा भडका उडतो, आणि प्रत्येक व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदाच उघडून मिटतो, कारण कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते. इंजिन मिनिटाला १,४०० फेऱ्यांवर उभे असेल तर क्रँक सेकंदाला तेवीस-चोवीस वेळा फिरते आणि व्हॉल्व्ह अकरा-बारा वेळा आपटतो. मानवी कानाची एक मर्यादा इथे मदतीला येते: सेकंदाला सुमारे वीसच्या आतले ठोके सुटे सुटे ऐकू येतात, त्यापुढे ते मिसळून एक सलग स्वर होऊ लागतो. म्हणून मंद चालत्या इंजिनात व्हॉल्व्हची टिकटिक सुटी ऐकू येते, तर क्रँकशी संबंधित ठोका दाट, एकमेकांत मिसळत चाललेला लागतो. ज्याला भजनाच्या ठेक्याची सवय आहे त्याला हे अधिक सोपे करून सांगता येईल: सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला की प्रत्येक भडक्याचा फुसका तळव्याला लागतो, टिकटिक त्या फुसक्याशी बरोबरीने चालली तर ती कॅमच्या बाजूची, आणि फुसक्याच्या दुगुनीत चालली तर क्रँकच्या बाजूची. टॅपेट बरोबरीचे साथीदार आहेत, कनेक्टिंग रॉड दुगुनीचा. सायलेन्सर तापलेला असतो. हात चार बोटे दूर धरावा, हे सांगावे लागू नये.

टॅपेटच्या टिकटिकीला लोक भितात तेवढे भिण्याचे कारण नाही. व्हॉल्व्हची दांडी तापून वाढते, तिला वाढण्यास जागा हवी म्हणून रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये जाणूनबुजून फट ठेवलेली असते, आणि लहान इंजिनांत ती बहुधा मिलिमीटरच्या पाच ते दहा शतांशांएवढी, म्हणजे वहीच्या एका कागदाएवढी असते. फट थोडी वाढली की टिकटिक वाढते, ताकद किंचित घटते, आणि फीलर गेज घेऊन, इंजिन पूर्ण थंड असताना, पंधरा मिनिटांत काम उरकते. खरी धास्ती उलट प्रकाराची बाळगावी. फट नाहीशी झाली तर इंजिन एकदम गोड, नि:शब्द चालू लागते आणि मालक खूश होतो. पण व्हॉल्व्ह पूर्णपणे मिटत नाही, बैठकीला टेकून आपली उष्णता तिला देण्याची जी संधी त्याला प्रत्येक फेऱ्यात मिळावयाची ती मिळत नाही, आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह कडेने जळू लागतो. आवाज बंद करून द्या, अशी आज्ञा करणाऱ्या गिऱ्हाईकाच्या समाधानासाठी टॅपेट आवळून देणारे मिस्त्री आहेत. माझ्या मते हा अपराध आहे.

कॅमशाफ्टचा विषय निघालाच आहे तर सोलापूरकरांनी एक गोष्ट अभिमानाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९९२ साली स्थापन झालेला प्रिसिजन कॅमशाफ्ट्स हा इथला कारखाना देशोदेशींच्या मोटारगाड्यांसाठी कॅमशाफ्ट ओततो आणि घडवितो. मोटारसायकलचा कॅम लहान आणि मोटारगाडीचा लांब, एवढाच ठळक फरक. अडचण दोहोंची एकच. कॅमची टोके सतत घासली जात असल्यामुळे ती अतिशय कठीण हवीत, पण सबंध दांडा तितका कठीण केला तर तो ठिसूळ होईल आणि लेथवर कापलाही जाणार नाही. यावर ओतकामातील एक सुंदर युक्ती आहे: वाळूच्या साच्यात जिथे कॅमचे टोक यावयाचे तिथे लोखंडाचा तुकडा बसवून ठेवतात. वितळलेला रस त्याला भिडताच तेवढाच भाग झपाट्याने निवतो, त्यातील कार्बनला ग्रॅफाइट होण्यास फुरसत मिळत नाही, आणि तो लोहाशी बांधला जाऊन पांढरे, कणखर बीड तयार होते. बाकीचा दांडा सावकाश निवून मऊ राहतो. हे कठीण कवच एकदा झिजले की कॅमचे टोक बोथट होते, आणि मग टॅपेट कितीही वेळा बसविले तरी टिकटिक आठवड्याभरात परत येते. तीच टॅपेटची तक्रार तिसऱ्यांदा आली की अनुभवी माणूस फीलर गेज खाली ठेवतो आणि कॅम पाहतो, तो याच कारणाने.

थंड असतानाच येणारा आणि दोन-तीन किलोमीटरांत विरून जाणारा पोकळ ठोका पिस्टनचा. १९९४ साली आलेल्या आणि सोलापूरच्या प्रत्येक बोळात आजही दिसणाऱ्या हिरो होंडा स्प्लेंडरच्या सिलिंडराचा व्यास ५० मिलिमीटर आहे. एवढा ॲल्युमिनियमचा पिस्टन दीडशे अंशांनी तापला की सुमारे ०.१७ मिलिमीटरने फुगतो, तर भोवतीचे लोखंडी अस्तर त्याच्या निम्म्यानेही फुगत नाही. त्यामुळे झिजलेल्या बोअरमधील वाढीव जागा तापल्यावर पिस्टन स्वतःच भरून काढतो. याच्या नेमका उलट, तापल्यावर वाढणारा, भाराखाली खोल आवाजात ठोकणारा, दुगुनीत चालणारा ठोका कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचा असतो. तेल पातळ झाले की तो आणखी उघडा पडतो. या एका आवाजाला हयगय नको. गाडी तिथेच बंद करावी आणि टेम्पोत घालून न्यावी.

चढावर, दोन माणसे आणि एक पोते लादून, वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत असताना काचेवर नाणे वाजल्यासारखी जी टिणटिण होते ती कोणत्याही सुट्या भागाची नव्हे. ठिणगीने पेटलेली ज्योत सिलिंडरात पसरत असताना दूरच्या कोपऱ्यातील उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपणहून एकदम पेटते आणि त्या धक्क्याने सिलिंडराच्या भिंती वाजतात. ही खोड मोडण्यासाठी पेट्रोलात शिसे घालण्याची युक्ती अमेरिकेत १९२१ साली सापडली आणि जगाच्या हवेत पुष्कळ विष कालवून गेली. भारतात शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र सक्तीचे झाले ते १ फेब्रुवारी २००० पासून. मिस्त्रीने करण्याजोगा इलाज साधा आहे: हेडमधील काजळी काढणे, ठिणगीची वेळ तपासणे. स्वाराने करण्याजोगा इलाज त्याहून साधा: खालचा गिअर टाकणे.

आवाज इंजिनाचा ठरला, लयही कळली, तरी टॅपेट वाजतो की टायमिंग चेन, हे ठरविण्यासाठी उस्ताद लांब पेचकस घेतात, टोक इंजिनावर टेकवितात आणि मूठ कानामागील हाडाला लावून डोळे मिटतात. १८१६ साली पॅरिसमध्ये रने लेनेक या डॉक्टराने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीवर ठेवली, त्यातून पुढे स्टेथस्कोप झाला; तत्त्व तेच. हवेतून येणारे गल्लीतले सर्व आवाज बाजूला पडून केवळ त्या बिंदूचा आवाज कानात येतो. येथे, सर्वांत शेवटी, कुठून हा प्रश्न विचारण्याची वेळ येते, आणि त्याचे उत्तर मिळण्याइतका तपासाचा परीघ तोवर आखूड झालेला असतो.

एक मोठा वर्ग अजून उरला, आणि संख्येने बहुधा तोच सर्वांत मोठा असावा: एका ठराविक वेगालाच येणारे आणि त्याच्या खाली-वर नाहीसे होणारे आवाज. प्रत्येक पत्र्याला, प्रत्येक लोंबत्या वस्तूला स्वतःची एक कंपनसंख्या असते आणि इंजिनाची थरथर तिच्याशी जुळली की ती वस्तू गाऊ लागते. नंबरप्लेटचा एक नट, सायलेन्सरवरची जाळी, साइड-पॅनेलचे हरवलेले रबर, साडीगार्ड. मोटारसायकलला मागच्या चाकाचे निदान अर्धे अंग झाकणारे संरक्षण असलेच पाहिजे, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३वे कलम सांगते. ते कसे वाजू नये याविषयी मात्र ते मौन पाळते. या वर्गाची परीक्षा म्हणजे आवाज येत असेल त्या गतीवर इंजिन उभे ठेवून एकेक वस्तू हाताने दाबून धरणे. एका इसमाच्या गाडीतील जो किणकिणाट महिनाभर टायमिंग चेनच्या नावावर जमा होता, तो किल्लीच्या जुडग्यातील घरच्या कुलपाच्या किल्लीचा निघाला.

गॅरेजात पोहोचताच बंद होणाऱ्या आवाजाची कैफियत सर्वांना ठाऊक आहे. त्यावर उस्तादांचा तोडगा असा की गिऱ्हाईकाने आठवडाभर गाडी वापरावी आणि आवाज आला की चार गोष्टी टिपून ठेवाव्यात: वेग, गिअर, इंजिन थंड की गरम, एकटा की दुकटा. अशा टिपणाचा कागद घेऊन येणाऱ्याचे काम ते रांग मोडून आधी घेत. हल्ली मोबाइलवर आवाज मुद्रित करून त्यातील कंपनसंख्यांचा आलेख पाहता येतो, आणि सेकंदाला बारा की चोवीस हा वाद क्षणात मिटतो. मात्र तो आवाज कोणत्या वेगाला, कोणत्या गिअरमध्ये मुद्रित केला हे लिहून ठेवले नसेल, तर आलेखाचा काहीएक उपयोग नाही.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची गाडी आली, कार्बोरेटरच्या जागी बहुतेक ठिकाणी इंजेक्टर बसला, आणि त्याच्या बारीक टिकटिकीला टॅपेट समजून तक्रारी येऊ लागल्या; ती टिकटिक निरोगी आहे. विजेवरच्या स्कूटरने अडचण वेगळ्याच बाजूने आणली. तिथे इंजिनाचा गुंजारव नाही, त्यामुळे पूर्वी त्याखाली झाकली जाणारी ब्रेकची खसखस, प्लॅस्टिकची करकर, बेअरिंगची पहिलीवहिली घरघर हे सर्व स्वाराला स्पष्ट ऐकू येते आणि नवी गाडी जुनीपेक्षा अधिक वाजते असा त्याचा ग्रह होतो. शिवाय मोटार आणि चाक पट्ट्याने किंवा गिअरने कायमचे जोडलेले. क्लच नाही, न्यूट्रल नाही, त्यामुळे इंजिनाचा धनी वेगळा आणि चाकाचा वेगळा ही फोड येथे करता येत नाही. भाराची परीक्षा तेवढी शिल्लक राहते: ॲक्सिलरेटर दिलेला असताना, सोडलेला असताना, आणि गाडी आपणहून वेग आवरीत असताना, अशा तीन अवस्थांत आवाज ऐकावा. तिन्हींत तो सारखाच राहिला तर गाडी बंद करून स्टँडवर घ्यावी, चाक हाताने फिरवावे आणि तळहात शॉकअपच्या स्प्रिंगवर ठेवावा.